त्यामा आपलं काय शे? – खान्देशातला रेडिओ आणि आपल्या वस्तीचे मत



३१ जुलैला लळिंगहून धुळ्याकडे परतत होतो. खान्देशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांचा मुक्काम होता. त्या आठवणीसाठी दरवर्षी याच दिवशी तिथे भीमस्मृती यात्रा भरते. गावोगावची माणसे भाकरी बांधून येतात, पुस्तके विकत घेतात, गाणी ऐकतात आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीने घरी जातात.

मी ज्या काळ्यापिवळीत बसलो होतो, तीत दहा-बारा जण कोंबलेले. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता. हिंदी गाणे, मग साड्यांच्या दुकानाची जाहिरात, मग पुन्हा गाणे. मागच्या एका पोराने ओरडून सांगितले, "दादा, भीमगीत लाव ना!" ड्रायव्हर म्हणाला, "पेनड्राइव्ह नाही भाऊ. रेडिओच आहे."

सगळे हसले. मीही हसलो. रेडिओवर भीमगीत लागणार नाही हे आम्ही सगळ्यांनी किती सहज धरून चाललो होतो!

माझ्या शेजारी शिरपूरकडची एक आजी होती. निळी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत त्रिशरण-पंचशीलाचे छोटे पुस्तक. मी विचारले, "आजी, घरी रेडिओ ऐकता का?" ती म्हणाली, "ऐकतस ना भाऊ. वावरमा निंदताना सूनना मोबाइलवर चालू राहास." मी विचारले, "मग कसा वाटतो?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "गाना चांगला राहातस. पन त्यामा आपलं काय शे?"

त्यात आपले काय आहे? माध्यमांवरची किती पुस्तके वाचली, किती शिबिरांत भाषणे ठोकली, पण एवढा नेमका प्रश्न मला कधी विचारता आला नव्हता. हा लेख त्या आजीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

नानांची पोस्टकार्डे

आमच्या घरी रेडिओ होता. वडील भुसावळला रेल्वेत होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ड्युटीवरून आले की चहाच्या आधी रेडिओ. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की घरात कुणी बोलायचे नाही. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले, तेव्हापासून तर "आपले केंद्र" असे ते अभिमानाने म्हणायचे. शिवाय विविध भारती, मुंबई, आणि रात्री हवा चांगली असली तर सातपुड्यापलीकडचे इंदूर. खरखर करत का होईना, सगळे देश आमच्या दीड खोलीत यायचे.

नानांना पत्रे लिहायचा नाद होता. पंधरा पैशांचे पोस्टकार्ड, त्यावर बारीक अक्षर. फर्माइशीच्या कार्यक्रमांना ते पत्रे पाठवायचे आणि खाली वस्तीतल्या पाच-सहा जणांची नावे घालायचे. पत्ता पूर्ण असायचा. वस्तीचे नाव ठळक, भीमनगर. त्यानंतर भुसावळ, जिल्हा जळगाव.

एकदा नाव लागले. अख्खी वस्ती दारात. निवेदकाने गोड आवाजात नावे वाचली, गाव वाचले आणि गाणे सुरू झाले. वस्तीचे नाव वाचलेच नाही. नाना म्हणाले, "वेळ कमी असेल." दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी तेच. दुसऱ्या श्रोत्यांच्या पेठा, गल्ल्या, कॉलन्या मात्र ऐकू यायच्या. ते कोणते केंद्र होते हे मी मुद्दाम लिहीत नाही. एका निवेदकावर राग काढून प्रश्न संपत नाही आणि पन्नास पत्रांचा ढिगारा समोर असलेल्या माणसाच्या मनात काय होते हे मला सिद्धही करता येणार नाही. पण एवढे सांगतो, चौथ्या पत्रावर नानांनी स्वतःच वस्तीचे नाव लिहिणे सोडून दिले.

मित्रहो, ही गोष्ट मला जास्त लागते. समोरच्याने नाव गाळले त्यापेक्षा, आपण ते लिहिणे सोडले ही.

पुढे नानांनी एकाच दिवशी दोन पत्रे टाकली होती. एकात सिनेमाचे गाणे मागितले, दुसऱ्यात भीमगीत. सिनेमाचे गाणे लागले. भीमगीताचे पत्र कुठे गेले ते कळले नाही. आता मला माहीत आहे की तो कार्यक्रम फक्त चित्रपटगीतांचा होता, त्यात ते गाणे बसतच नव्हते. म्हणजे नियमाप्रमाणे कुणाचीच चूक नव्हती. पण ज्या शाहिरांना ऐकायला आपली माणसे रात्र-रात्र चटईवर बसायची, त्यांच्यासाठी फर्माइशीचा कार्यक्रमच नव्हता, हा नियम कुणी केला? अन्याय दर वेळी शिवी देऊनच होतो असे नाही. कधी तो कार्यक्रमपत्रिकेतल्या एका रिकाम्या जागेने होतो.

वहीतली मते

लळिंगहून आल्यावर मी एक वही घेतली. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, जिथे जिथे कामानिमित्त गेलो तिथे वस्तीत बसून एकच विचारले, रेडिओ ऐकता का, आणि तुमचे मत काय? हा काही सर्व्हे नाही. टक्केवारी मागू नका. पण माणसे काय बोलली ते ऐका.

सगळ्यात आधी, आपल्याला न आवडणारे मत. जळगावचा एक रिक्षावाला, आपलाच पोरगा, म्हणाला, "दादा, गाणं गाणं असतं. त्यात कशाला जात शोधता? दिवसभर ट्रॅफिकमध्ये डोकं फिरतं, एफएमवाली पोरगी हसवते, बस झालं." त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. आपल्या माणसाला चोवीस तास लढायला लावणे हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे. त्यालाही हसायचा हक्क आहे. पण मी त्याला विचारले, "त्या कार्यक्रमात कधी फोन लावलास?" म्हणाला, "लावला होता. नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं. मी पहिलंच नाव परत सांगितलं." मी पुढे काही विचारले नाही. तोही काही बोलला नाही. गाणे गाणेच असते, पण फोन लावताना आडनाव गिळावेसे का वाटते?

भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कामगार, दृष्टी गेलेली. त्यांचे मत अगदी उलट. "मला टीव्ही काय कामाचा? मला रेडिओनेच शिकवलं. डॉक्टरांची मुलाखत, हवामान, पुस्तकांवरची बोलणी. आकाशवाणी ओरडत नाही. टीव्हीवाले भांडतात, ही माणसं बोलतात." हे मत मी वहीत ठळक लिहिले आहे. चॅनेलवाल्यांच्या आरडाओरड्यात आकाशवाणीचा सभ्य आवाज ही खरोखर मोठी गोष्ट आहे. टीका करताना हे विसरलो तर आपण प्रामाणिक नाही.

धुळ्याच्या वसतिगृहात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "सर, बातम्या मी आकाशवाणीच्याच ऐकते, नोट्स काढते. पण गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म राहून गेला. शेवटची तारीख तिला कळलीच नाही. एफएमवर मॉलच्या सेलची शेवटची तारीख दिवसातून दहा वेळा सांगतात."

शिरपूर तालुक्यातला एक पावरा तरुण म्हणाला, "मराठीत ऐकतो, हिंदीत ऐकतो. आमच्या बोलीत ऐकायला मिळालं तर माझी आई पण ऐकेल. तिला अर्धं कळत नाही." अहिराणी बोलणाऱ्यांनी आपले दुःख सांगताना हेही लक्षात ठेवावे. आपल्यापेक्षा मागच्या बाकावर बसलेला माणूसही त्याच वर्गात आहे.

एका ज्येष्ठ शाहिरांनी तर दोनच वाक्यांत निकाल लावला. "चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला आम्ही पाहुणे. पाहुण्याला चहा मिळतो, घराची किल्ली मिळत नाही."

आणि मग ती निंदणीवाली आजी. तिचा गावपत्ता घेतला होता, म्हणून पुन्हा भेटायला गेलो. दुपारची वेळ, बांधावर बायका भाकरी खात बसलेल्या. सुनेचा साधा बटनाचा मोबाइल, त्याला इअरफोनची तुटकी वायर खोचलेली. ती वायर अँटेनाचे काम करते, ऐकायचे ते स्पीकरवर. शेतीचा कार्यक्रम चालू होता. कपाशीवर कोणती कीड, कोणती फवारणी, ठिबक किती वेळ, आणि शेवटी बाजारभाव. कार्यक्रम चांगला होता, माहिती उपयोगाची होती. पण आजी म्हणाली,

"कापूसना भाव सांगतस. मजुरीना भाव कोन सांगी?"

कापसाचा भाव सांगतात, मजुरीचा भाव कोण सांगणार? मी गप्प झालो. शेतीचा कार्यक्रम "शेतकरी बंधूंनो" म्हणून सुरू होतो. त्या वेळी बंधू कुठे असतो कुणास ठाऊक, पण वावरात वाकलेली असते ती मजूर बाई, आणि रेडिओ तीच ऐकत असते! ऐकणारी ती, बोलणे मात्र मालकाशी. फवारणी कधी करावी हे सांगतात. फवारणी करणाऱ्याने तोंडाला काय बांधावे हे कधी सांगतात, कधी नाही. आणि त्याने मजुरी किती मागावी हे तर कुणीच सांगत नाही.

मजुरीचा दर ही काही क्रांती नाही

कुणी म्हणेल, रेडिओने मजुरीचे बोलायचे म्हणजे राजकारण झाले. अजिबात नाही. शेतमजुराचे किमान वेतन सरकार स्वतः ठरवते. त्याची अधिसूचना निघते. त्या कायद्याचे विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि १९४८ साली त्याचा किमान वेतन कायदा झाला. म्हणजे बाजारभाव जितका सरकारी, तितकाच मजुरीचा दर सरकारी. बाजारभावानंतर अर्ध्या मिनिटात तो सांगता येतो. "शेतमजुरांसाठी सध्याचा किमान वेतनाचा दर इतका, रोजगार हमीची मजुरी इतकी." बस्स. यात कुणावर टीका नाही, घोषणा नाही. पण वावरात बसलेल्या त्या दहा बायकांनी तो आकडा एकत्र ऐकला, तर संध्याकाळी मुकादमाशी बोलताना त्यांची मान थोडी वर असेल. रेडिओची ताकद ही आहे. पेपर एकटा वाचतो, मोबाइल एकटा बघतो. बांधावरचा रेडिओ सगळे मिळून ऐकतात.

हवा कुणाच्या बापाची नाही

आता कायद्याचे बघू. आपली पोरे भावनेने बोलतात आणि समोरचा नियम दाखवतो. म्हणून नियम आपल्यालाही पाठ पाहिजेत.

पहिली गोष्ट. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या एका खटल्यात निकाल दिला की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती ना सरकारच्या मालकीची, ना पैसेवाल्याच्या. तिचा वापर लोकांच्या हितासाठी आणि विविध मतांना जागा देऊनच झाला पाहिजे. त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे एल्गार परिषदेच्या आयोजकांत ज्यांचे नाव होते, तेच. म्हणजे गावची विहीर आणि हवेतली लहर, दोन्हींचा कायदा एकच आहे. चवदार तळे सार्वजनिक होते, तरी पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला चालत जावे लागले. लहरीही सार्वजनिक आहेत. पण आपण तळ्यापर्यंत चालत गेलो का?

दुसरी गोष्ट. आकाशवाणी चालते ती प्रसार भारती कायदा, १९९० या कायद्याने. त्याच्या कलम १२ मध्ये प्रसारकाची उद्दिष्टे लिहिली आहेत. सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या अनिष्ट गोष्टींशी लढणे, दुर्बल घटकांचे कल्याण साधणे, कामगारवर्गाच्या हक्कांचे रक्षण करणे, आदिवासी आणि अल्पसंख्याकांच्या गरजा लक्षात घेऊन कार्यक्रम देणे. हे कुण्या कार्यकर्त्याचे भाषण नाही, संसदेने केलेला कायदा आहे! तेव्हा आकाशवाणीकडे आपण जे मागतो ते उपकार म्हणून मागत नाही. तिला तिचे काम आठवून देतो.

तिसरी गोष्ट, खासगी एफएमची. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा दिली, तेवढीच. म्हणून एखाद्या गावात बहिष्कार पडला तर एफएमवाला ते सांगत नाही, यात प्रत्येक वेळी त्याचा जातीयवाद शोधू नका. त्याचे हात बांधलेले आहेत. रेडिओवरच्या बातम्यांची मक्तेदारी सरकारने स्वतःकडे ठेवली आहे आणि ती आपल्याला सलली पाहिजे. पण त्याच धोरणात परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, नागरी सुविधांच्या सूचना हे सगळे बातमीबाहेर धरले आहे. ते खासगी केंद्र सांगू शकते. मग शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, स्वाधार योजनेचा अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश का सांगत नाही? इथे नियम आडवा येत नाही. इथे प्रश्न एवढाच आहे की तो श्रोता त्यांच्या डोळ्यांसमोर आहे का. कारण जाहिरातदाराला जो ग्राहक दिसत नाही, तो केंद्रालाही श्रोता म्हणून दिसत नाही.

बाबासाहेबांचा मायक्रोफोन

काही मित्र म्हणतात, "सोड रे, ही सगळी प्रस्थापितांची माध्यमे. आपल्याला काय करायचे?" त्यांनी बाबासाहेबांकडे बघावे. १९२० साली त्यांनी मूकनायक काढला. मग बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत. दुसऱ्याचे पेपर आपली बाजू मांडणार नाहीत हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखले होते. पण म्हणून त्यांनी रेडिओवर बहिष्कार टाकला नाही. १९४२ साली मजूरमंत्री झाल्यावर ते आकाशवाणीवरून कामगारांच्या प्रश्नावर बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, हे देशाने रेडिओवर ऐकले. म्हणजे स्वतःचे पत्र काढायचे आणि सार्वजनिक माध्यमावरचा हक्कही सोडायचा नाही, असे दोन्ही एकाच वेळी. आपण मात्र दोन्हीपैकी एकही धड करत नाही.

चाळीसगावचा टांगा

आता खान्देशातलीच एक गोष्ट. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे काम करून बाबासाहेब परतत होते. चाळीसगावला उतरून ते धुळे लाइनवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून आले. चाळीसगावच्या आपल्या माणसांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर टांगे भरपूर, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी महारवाड्यात चालत यावे, हे तर आपल्या माणसांना सहन होणारे नव्हते. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. आपल्यातलाच एक जण बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीच्या फरशीवर टांगा उलटला, घोडा टांग्यासह नदीत गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः "वेटिंग फॉर अ व्हिसा" मध्ये लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट सांगताना आपण टांगेवाल्यांची जात काढतो आणि थांबतो. ते बरोबरच आहे. ज्याच्याकडे खाण्यापुरतेही नाही असा टांगेवाला एका बॅरिस्टरला कमी लेखतो, ही जातिव्यवस्था आहे. पण त्या गोष्टीत दुसराही धडा आहे. टांगा हातात आला तेवढ्याने भागत नाही. लगाम धरता आला पाहिजे. स्वाभिमान आणि कसब दोन्ही लागतात. एक नसेल तर आपण स्टेशनवरच उभे राहतो, दुसरे नसेल तर नदीत पडतो.

आज आपल्या प्रत्येक पोराच्या हातात टांगा आहे, मोबाइल. गल्लोगल्ली यूट्यूब चॅनेल निघाली. चांगली गोष्ट आहे. पण किती जण आवाज नीट रेकॉर्ड करतात? किती जण तारीख आणि आकडा तपासून बोलतात? किती जण पाच मिनिटांत मुद्दा मांडतात? आणि तो टांगाही आपला नाही, कंपनीचा आहे. ती एका दिवसात चॅनेल बंद करू शकते. शिवाय ज्या आजीसाठी आपण बोलतो तिच्या बटनाच्या मोबाइलवर यूट्यूब चालतच नाही. तिथे रेडिओच चालतो.

आणखी एक कडू गोष्ट. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेले वाक्य बायकांचे आहे. "आम्हाला कुणी विचारलंच नाही." रेडिओने विचारले नाही हे खरे. पण आपल्या जयंतीच्या मंचावर माइक किती बायकांच्या हाती जातो? जो प्रश्न आपण आकाशवाणीला विचारतो, तोच आपल्या मंडळाला विचारून बघा. उत्तर ऐकून मान खाली जाईल.

माचनूरच्या बाया

जिथे दोन्ही जमले असे एक उदाहरण सांगतो. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. तिथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ सुरू झाला. चालवणाऱ्या कोण? दलित बाया. बऱ्याच जणी शेतमजूर, थोड्याशा जमिनीच्या मालकिणी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघमांनी तो उभा केला. सरकारने २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडल्यावर परवाना मिळवून सुरू झालेल्या देशातल्या अगदी पहिल्या केंद्रांतले हे केंद्र. बाजरी-ज्वारीचे बियाणे कसे राखायचे, बाळंतिणीने काय खावे, गावात कुठले गाणे म्हणतात, हे सगळे त्यांच्याच बोलीत. पण लक्षात घ्या, परवाना येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून त्या बाया रेकॉर्डिंग शिकत होत्या, कॅसेटी भरून संघमांमध्ये ऐकवत होत्या. आधी लगाम धरायला शिकल्या, मग टांगा आणला. म्हणून तो नदीत पडला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही म्हसवडला बायांनी पुढाकार घेऊन चालवलेला माणदेशी तरंग आहे. मग तापी आणि गिरणेच्या काठाला काय झाले?

मग करायचे काय?

मी उपदेश करून थांबणार नाही. चार कामे सांगतो, चारही या महिन्यात सुरू करता येतात.

एक, वही ठेवा. प्रत्येक वस्तीतल्या दोन पोरांनी महिनाभर आपापल्या भागातले एक केंद्र ऐकावे. तारीख, वेळ, कार्यक्रम, कोण बोलले, कशावर बोलले. "आपले काही लागतच नाही" हे वाक्य पुराव्याशिवाय म्हणू नका. कदाचित काही चांगले लागत असेल आणि आपण ऐकतच नसू. तसे निघाले तर केंद्राला अभिनंदनाचे पत्र पाठवा. तेही श्रोत्याचे मतच आहे.

दोन, लेखी मागा. आकाशवाणीला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून विचारा, गेल्या वर्षात सामाजिक न्यायावर किती कार्यक्रम झाले, बोलीभाषांना किती वेळ मिळाला, लोककलावंतांच्या किती ध्वनिचाचण्या झाल्या. सोबत कलम १२ जोडा. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. बाजारभावासोबत मजुरीचा दर. खासगी एफएमला पत्र, शिष्यवृत्तीच्या तारखा सांगा.

तीन, आत जा. नैमित्तिक उद्घोषकांच्या जागांची जाहिरात येते, तरुणांच्या कार्यक्रमासाठी वक्ते लागतात, लोकसंगीताची ध्वनिचाचणी होते. अर्ज करा. आपल्या शाहिराला रात्रभर हजार माणसे ऐकतात, पण आकाशवाणीची श्रेणी त्याच्याकडे नसते, कारण त्याने अर्जच केलेला नसतो. नापास झालात तर पुन्हा तयारी करा. बाबासाहेबांचे लेकरू परीक्षेला घाबरते काय?

चार, आपला रेडिओ. तीन वर्षे जुनी, कागदपत्रे स्वच्छ असलेली नोंदणीकृत संस्था सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करू शकते. १०० वॅटचा छोटा ट्रान्समीटर, आसपासच्या गावांपुरता आवाका, आणि निदान निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत अशी अट. ती अट तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. बातम्यांची बंदी तिथेही आहे, पण मजुरी, आरोग्य, शिक्षण, गाणी, बोली यांना कुणी अडवलेले नाही. परवाना यायचा तेव्हा येईल. तोवर मोबाइलवर आजीचे बोलणे रेकॉर्ड करायला शिका, कापायला शिका, रविवारी विहारात ऐकवा. डीजेच्या वर्गणीतला थोडा हिस्सा त्यासाठी बाजूला काढा. एका रात्रीच्या भिंतीएवढ्या स्पीकरपेक्षा एक चांगला माइक जास्त वर्षे बोलतो.

परवा मी ५० पैशांचे पोस्टकार्ड आणले. पोस्टातल्या बाईंनी विचारले, "आता कोण लिहितं?" आजीने सांगितले तसे तिच्याच बोलीत लिहिले, कापसाचा भाव सांगता, तसा मजुरीचाही भाव सांगा. खाली तिच्यासोबत निंदणाऱ्या बायकांची नावे घातली. पत्ता लिहिताना नाना आठवले. गावाच्या आधी वस्तीचे नाव लिहिले, ठळक अक्षरात.

उत्तर अजून आलेले नाही. दुसरे कार्ड लिहून ठेवले आहे. तुम्हीही एक लिहा, आणि वस्तीचे नाव गाळू नका.

जय भीम!